बाबांचा क्लब, माझा जनरेटर

‘क्लब’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? स्विमिंग पूल, हिरवळ, हातात ग्लास घेऊन उभी असलेली बडी मंडळी? आमच्या घरी क्लब म्हणजे आठवड्यातून एका संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला ती निळी-सोनेरी चाकाची पिन लावून, ‘येतो गं तासाभरात’ म्हणत स्कूटरला किक मारणारे बाबा. तासाभरात ते कधीच येत नाहीत, तो भाग वेगळा.

बाबा रोटेरियन आहेत. चिंचवडच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये तीस वर्षं काढली, रिटायर झाले आणि वर्षभराच्या आत क्लबात गेले. कुठला क्लब ते मी इथे लिहू नये, अशी त्यांची अट आहे. ‘नाव छापायला लागलं की काम बॅनरवर जातं,’ असा त्यांचा फंडा.

आणि खरं सांगू? मला हा सगळा प्रकार जाम टाइमपास वाटायचा. मीटिंगच्या सुरुवातीला घंटा वाजवायची, ‘सार्जंट-ॲट-आर्म्स’ नावाचा एक पदाधिकारी असतो त्यानं उशिरा येणाऱ्यांना दंड करायचा, मग वाढदिवस, मग सत्कार, मग शाल-श्रीफळ. नवीन वर्ष १ जानेवारीला नाही, १ जुलैला सुरू होणार. तेव्हा पदग्रहण सोहळा. जुना अध्यक्ष आपल्या गळ्यातली कॉलर काढून नव्याच्या गळ्यात घालणार आणि सगळे टाळ्या वाजवणार. मी मैत्रिणींना याची नक्कल करून दाखवायचे. सॉलिड हिट होती ती नक्कल.

बाबांना ते माहीत होतं. ते हसायचे. एकदाच म्हणाले, ‘अगं, पोलिओचा डोस तुला मीच बूथवर घेऊन गेलो होतो. तो डोस जगभर पोहोचवायला या टाळ्या वाजवणाऱ्यांनीच पैसे गोळा केले.’ मी नंतर गुपचूप शोधून पाहिलं. रोटरीनं पोलिओची मोहीम १९८५ मध्ये हाती घेतली आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेनं भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. पण हे मी बाबांना सांगितलं नाही. इगो, दुसरं काय!

आमचं घर रावेतमध्ये. ज्यांना रावेत फक्त हायवेवरून दिसतं त्यांच्यासाठी : बास्केट ब्रिज, बीआरटीचा रस्ता, वीस-वीस मजली टॉवर आणि मधेच शिल्लक राहिलेली एखादी उसाची पट्टी. १९९७ मध्ये पालिकेत येईपर्यंत हे गाव होतं. आम्ही आलो तेव्हाही निम्मं गावच होतं. आमचं रो-हाउस पवनेच्या बाजूला. याच पवनेवर रावेतचा बंधारा आहे. पिंपरी-चिंचवडच्या निम्म्याहून जास्त लोकांना ठाऊकही नसेल, की त्यांच्या नळाला येणारं पाणी इथून उपसलं जातं, मग निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध होतं आणि मग त्यांच्या बादलीत पडतं. त्यामुळे रावेतच्या पंपांची वीज गेली की शहराचे नळ कोरडे पडतात. ‘लाइट गेली तर फक्त पंखा बंद होतो असं समजू नका,’ हे बाबांचं आवडतं वाक्य.

बाबांच्या क्लबाची कामंही याच नदीच्या अवतीभवती. शेजारच्या वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबनं काही वर्षांपूर्वी पवना जलपर्णीमुक्त करायची मोहीम काढली, तेव्हा बाबाही रविवारी सकाळी गमबूट घालून घाटावर हजर. संध्याकाळी घरी आले की अंगाला नदीचा वास. आई म्हणायची, ‘क्लबात लोक परफ्यूम लावून जातात म्हणे!’ शिवाय नेत्रतपासणी, रक्तदान, मुलींना सायकली, शाळेत हात धुवायचे नळ. यादी मोठी आहे.

आणि या सगळ्या शिबिरांसाठी एक जनरेटर. लहानसा, पेट्रोलवर चालणारा, दोरी ओढून सुरू करायचा. क्लबानं वर्गणी काढून घेतला आणि ठेवायला जागा नाही म्हणून तो आमच्या पार्किंगमध्ये मुक्कामाला आला. शिबिरात मी कधीमधी रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसायचे. तेव्हा बघायचे, बाबा तो जनरेटर मंडपापासून लांब, पार कुंपणाजवळ नेऊन ठेवायला लावायचे आणि तिथून वायर ओढत आणायचे. मला वाटायचं, आवाजाचा त्रास नको म्हणून असेल.

इथे थोडं मागं जाते. २००६ साल आठवतंय? मी तेव्हा सातवीत होते. सगळ्या महाराष्ट्रात लोडशेडिंग. मामाच्या गावाला गेलं की दिवसाचे कितीतरी तास वीज नाही. पण पुणे आणि पिंपरी-चिंचवडला त्या वर्षी एक वेगळी आयडिया निघाली. कंपन्यांकडे स्वतःचे मोठे जनरेटर पडून होते. सीआयआय या उद्योगांच्या संघटनेनं पुढाकार घेतला, वीज नियामक आयोगानं मंजुरी दिली. टंचाईच्या वेळी कंपन्यांनी ग्रिडची वीज घ्यायची नाही, आपले जनरेटर चालवायचे आणि ती वाचलेली वीज शहराला द्यायची. डिझेलचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांच्या बिलात थोडा थोडा वाटून. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते देशभर गाजलं. बाबा तेव्हा त्यांच्या कंपनीच्या डीजी रूममध्ये शिफ्ट करायचे. कानात कापूस, अंगाला डिझेलचा वास. ‘तुझा अभ्यास माझ्या जनरेटरवर चाललाय,’ असं ऐटीत सांगायचे.

म्हणजे जनरेटर या विषयातला माणूस घरात होता. मी फक्त कधी विचारलं नव्हतं.

जुलै २०२१ मध्ये चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरमध्ये एका घरात रात्री वीज गेली. घरातच जनरेटर लावला होता. सगळे झोपले. सकाळी शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा घरातली माणसं निपचित पडलेली. एकाच कुटुंबातले ६ जण गेले. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं. बाबांनी ती बातमी कापून पाकिटात ठेवली होती. पुढच्याच मीटिंगमध्ये त्यांनी विषय काढला आणि क्लबानं ठरवलं, एक साधं पत्रक काढायचं : ‘घरगुती जनरेटर कसा वापरावा’. बाबांनी वहीच्या चार पानांवर लिहून काढलं आणि टाइप करायला मला दिलं.

मी केलं. एका रात्रीत. फॉन्ट छान निवडला, हेडिंग लाल केलं, ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, कोपऱ्यात जनरेटरचं क्लिपआर्ट टाकलं. सगळ्यांनी डिझाइनचं कौतुक केलं. पाचशे प्रती छापल्या. उरलेला गठ्ठा आमच्या जिन्याखाली पडून होता. त्यांच्या कोऱ्या मागच्या बाजूवर मी ऑफिसची टू-डू लिस्ट लिहायचे.

मी ते पत्रक डिझाइन केलं होतं, मंडळी. वाचलं नव्हतं.

आता त्या रात्रीबद्दल. जुलैचा पहिला शनिवार. बाबांच्या क्लबाचं पदग्रहण. ‘येतेस का? यंदा मला कम्युनिटी सर्व्हिसचं पद आहे,’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘बाबा, रिलीज आहे.’ आयटीवाल्यांना हे एक बरं असतं. ‘रिलीज आहे’ म्हटलं की लग्न, बारसं, पदग्रहण, सगळ्यातून सुटका. आईचे गुडघे पावसाळ्यात फार धरतात, त्यामुळे तीही घरीच. बाबा एकटेच गेले.

साडेसहाला लाइट गेली. बाहेर पाऊस धो धो. इन्व्हर्टर सुरू झाला. मी वरच्या खोलीत लॅपटॉप, राउटर, टेबल फॅन लावून बसलेली. साडेनऊला इन्व्हर्टर पिंक पिंक करायला लागला आणि दहा मिनिटांत गप्प झाला. लॅपटॉपची बॅटरी पंधरा टक्के. टीम कॉलवर. टीम लीड विचारतोय, ‘ऑल गुड ॲट युअर एंड?’ आणि मला आठवलं, खाली जनरेटर आहे की!

पार्किंगमध्ये पावसाचं पाणी येत होतं. जनरेटर भिजू नये एवढं मला कळत होतं, बघा. म्हणून मी तो ओढत ओढत किचनमागच्या ड्राय बाल्कनीत आणला. वर छप्पर, समोर ग्रिल. म्हणजे मोकळी हवाच की! दोरी तीनदा ओढली, सुरू झाला. एक्स्टेन्शनची वायर किचनच्या दारातून जिन्यावरून वर नेली. वायरमुळे दार पुरतं लागेना, चार बोटांची फट राहिली. पाऊस आत यायला नको म्हणून बाकी सगळ्या खिडक्या मी नीट लावून घेतल्या. आईची खोली किचनला लागून. तिला एक दिवा आणि पंखा लावून दिला. ‘हुशार आहे हो माझी पोर,’ आई म्हणाली.

पाऊण तासानं तिनं खालून हाक मारली. मी कॉल म्यूट करून गेले. डोकं ठणकतंय म्हणाली. मळमळतंय. संध्याकाळी भजी केली होती, मला वाटलं पित्त. ‘आई, ॲसिडिटी आहे,’ मी जाहीर केलं. गोळी दिली, कपाळाला बाम लावला. तरी करोनापासून सवय लागलीये ना, कपाटातला ऑक्सिमीटर काढून बोटाला लावला. आकडा आला ९८. एकदम मस्त. ‘बघ, ९८ आहे. झोप आता.’ आणि मी वर गेले. माझंही डोकं जड झालं होतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर होणारच, असं मी स्वतःला सांगितलं.

तो ९८ चा आकडा मला अजून झोपेत दिसतो. नंतर डॉक्टरांनी समजावलं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. पण आपला साधा ऑक्सिमीटर रक्ताचा रंग बघतो, आणि त्याला या दोन्हींतला फरक कळत नाही. रक्त विषानं भरलेलं असलं तरी तो ९८ दाखवणार. आकड्यावर विश्वास ठेवून मी माझ्या आईला त्याच खोलीत पुन्हा झोपवून आले होते.

बाबा आले ते पावणेअकराला. एरवी जेवण, फोटो, गप्पा यात बारा वाजतात. त्या दिवशी मात्र माझ्यासाठी डबा भरून घेऊन लवकर निघाले होते. ‘पोरगी उपाशी बसली असेल’ म्हणून. फाटकातच त्यांना जनरेटरचा आवाज आला. पार्किंग रिकामं. आवाज घराच्या मागून.

मला वर फक्त दिवा गेलेला कळला. चिडून जिन्याशी आले तर खालून बाबांचा आवाज. तीस वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. ‘दारं उघड! सगळी दारं उघड आणि बाहेर हो!’ मी खाली धावले. पायऱ्या हलल्यासारख्या वाटल्या. बाबांनी आईला दोन्ही हातांनी उचललं होतं. तिची मान एका बाजूला कलंडलेली. ते तिला घेऊन समोरच्या व्हरांड्यात आले, पावसाच्या तडाख्यात, आणि फरशीवर बसले. अंगात पदग्रहणाचा कोट. खिशाला पिन. आई हाकेला ओ देत होती, पण शब्द लागत नव्हते. उभं करायला गेलो तर पाय लुळे.

शेजारच्या काकांनी गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये बाबांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, ‘घरात जनरेटर चालू होता, कार्बन मोनॉक्साइड असणार.’ त्या एका वाक्यानं किती वेळ वाचला, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. नाहीतर डोकेदुखी, उलटी, चक्कर म्हटल्यावर पित्त, बीपी, काहीही वाटू शकतं. आईला लगेच मास्क लावून पूर्ण ऑक्सिजन सुरू केला. साध्या हवेत हा गॅस रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास जातात. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. मलाही तासभर मास्क लावून बसवलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘वेळेत आणलंत.’ वेळेत नसतं आणलं तर काय, हे मी विचारलं नाही. दुर्गापूरची बातमी बाबांच्या पाकिटात होती.

पहाटे फोन बघितला. टीम लीडचा मेसेज : क्लायंटकडेच काही प्रॉब्लेम आहे, रिलीज मंगळवारी. स्मायली.

आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आली. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी जिन्याखालून तो गठ्ठा काढला आणि पहिल्यांदा ते पत्रक वाचलं. पहिलाच मुद्दा, मीच ठळक केलेला : ‘जनरेटर घरात, पार्किंगमध्ये, जिन्यात, बाल्कनीत किंवा खिडकीजवळ चालवू नये. छप्पर असलेली अर्धवट उघडी जागा म्हणजे मोकळी हवा नव्हे.’ दुसरा : ‘घरापासून निदान २० फूट लांब ठेवावा.’ तिसरा : ‘या वायूला रंग नाही, वास नाही.’ चौथा : ‘घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, तर गोळी घेऊ नका, घराबाहेर पडा.’ त्यात ‘पडा’चं ‘पाडा’ झालं होतं, ते मी दुरुस्त केल्याचं मला लख्ख आठवलं.

आठ दिवसांनी बाबा म्हणाले, ‘क्लबात ठरलंय, सोसायट्यांमध्ये जाऊन हे सांगायचं. प्रेझेंटेशन करशील?’ मी म्हटलं, ‘करते. बोलतेही मीच.’

पहिला कार्यक्रम जवळच्याच एका टॉवरच्या क्लबहाउसमध्ये, रविवारी सकाळी. पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी मोबाइलवर. मी स्लाइड बाजूला ठेवली आणि सरळ सांगितलं, ‘तीन आठवड्यांपूर्वी मी माझ्या आईला जवळजवळ मारलं.’ मोबाइल खाली गेले. मागच्या खुर्चीवर आई बसली होती. नंतर मला म्हणाली, ‘अगं, एवढं काय ते, मी आहे ना जिवंत!’

मग प्रश्न सुरू झाले. ‘आम्ही अठराव्या मजल्यावर राहतो, २० फूट लांब कुठे ठेवणार?’ बाबांचं उत्तर सरळ होतं. नाही ठेवता येत. म्हणून फ्लॅटमध्ये पोर्टेबल जनरेटर आणायचाच नाही. सोसायटीचा डीजी असतो, तो उघड्यावर, धुराड्यासकट बसवलेला असतो. घरात इन्व्हर्टर ठेवा. त्याचीही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून तिला कपाटात कोंडू नका. एकीनं विचारलं, ‘स्मोक डिटेक्टर आहे की आमच्याकडे.’ तो धूर ओळखतो, हा गॅस नाही. त्याचा अलार्म वेगळा मिळतो. एका काकांना वाटलं, एवढुशा इंजिनानं काय होतंय? बाबांनी सांगितलं, अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगाचं म्हणणं आहे की एक पोर्टेबल जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो. काकांनी खुर्ची पुढे ओढली.

शेवटी बाबांनी एका पाहुण्याला उभं केलं. महावितरणचे लाइनमन. जनमित्र म्हणतात त्यांना आता. आयुष्यात पहिल्यांदा हातात माइक घेतलेला माणूस. ते म्हणाले, ‘तुमची लाइट गेली की तुम्ही आम्हाला शिव्या देता, ते ठीक आहे. पण काही लोक जनरेटरची वायर दोन्ही बाजूंना पिन लावून घरच्या सॉकेटमध्ये घालतात. म्हणजे सगळं घर उजळतं. पण मेन स्विच बंद करायला विसरले की ती वीज उलटी लाइनवर जाते. ट्रान्सफॉर्मर तुमच्याकडे येताना ११ हजार व्होल्टचे कमी करतो, तसाच उलट्या बाजूनं २३० चे हजारो करतो. आम्ही वर खांबावर असतो. आम्हाला वाटतं लाइन मेलेली आहे.’ एवढंच बोलून ते खाली बसले. टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर माझ्याच वयाचा एक मुलगा रेंगाळत थांबला. सगळे गेल्यावर गाडीच्या डिकीतून त्यानं एक वायर काढली. दोन्ही टोकांना पिन. गावाकडच्या घरासाठी स्वतः बनवली होती, दर गणपतीत नेतो म्हणाला. बाबांनी खिशातून पक्कड काढली. (हो, बाबांच्या खिशात पक्कड असते.) दोन्ही पिना कापल्या, वायर गुंडाळून त्याला परत दिली आणि म्हणाले, ‘चेंजओव्हर स्विच बसवून घे. इलेक्ट्रिशियनकडून. ग्रिड आणि जनरेटर दोन्ही एकदम जोडले जाणारच नाहीत. पैसे नसतील तर सांग.’ तो मुलगा हसला, पण डोळे ओले होते. का, ते मी विचारलं नाही.

त्या वर्षभरात आम्ही अशा बऱ्याच सोसायट्या केल्या. कुठे पाच माणसं, कुठे पन्नास. बाबांच्या पिनेची नक्कल मी आता करत नाही. म्हणजे करते, पण बाबांसमोर. त्या टाळ्या, ती घंटा, तो दंड हे सगळं अजूनही मला थोडं फनीच वाटतं. पण आता कळतं, की माणसं दर आठवड्याला एकत्र यावीत म्हणून ते सगळं आहे. एकत्र आली की त्यांतला एक जण पाकिटातून बातमीचं कात्रण काढतो. आपल्या ऑफिसात दर सोमवारी आपण किती मीटिंगा करतो! त्यातल्या एकीत तरी कुणी असं कात्रण काढलंय?

आमच्या फ्रिजवर आता बाबांची यादी चिकटवली आहे. मीच टाइप केली. यावेळी वाचून.

• जनरेटर उघड्यावर, घरापासून निदान २० फूट लांब. धुराचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला.
• पाऊस असेल तर चारही बाजूंनी उघडं, उंच शेड. तशी सोय नसेल तर जनरेटर बंद. काम थांबलं तर थांबू दे.
• ओल्या हातानं, ओल्या जमिनीवर हात लावायचा नाही. अर्थिंग केलेलं हवं.
• पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, गार झाल्यावर. कॅन घरात ठेवायचा नाही.
• उपकरणं थेट जनरेटरला, जाड आणि अखंड वायरनं. घराच्या वायरिंगला जोडायचं असेल तर चेंजओव्हर स्विच, आणि तोही इलेक्ट्रिशियनकडूनच.
• जनरेटर चालू ठेवून झोपायचं असेल तर घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.
• डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली तर आधी बाहेर, मग फोन. डॉक्टरांना ‘जनरेटर चालू होता’ हे पहिलं सांगायचं.
• ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवायचा नाही.
• लाइटची तक्रार १९१२ वर. लाइनमनशी नीट बोलायचं.

पुढच्या जुलैत पदग्रहणाला मी गेले. पुन्हा रिलीज होतं, पण लीडला सांगितलं, ‘आज घरी फंक्शन आहे.’ आई बाबांशेजारी, पहिल्या रांगेत, गुडघ्याला पट्टा बांधून. कॉलर एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. मधेच हॉलची लाइट गेली. अंधारात दोनेक सेकंद शांतता, मग बाहेर कुंपणापाशी घरघर सुरू झाली आणि दिवे आले.

आईनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठले, बाहेर जाऊन जनरेटर कुठे ठेवलाय ते बघितलं, पावलं मोजली. तेवीस. मग परत येऊन जेवायच्या रांगेत उभी राहिले.